अधिक महिना कुणाच्या वाट्याचा

तारीख : २००३ सालच्या मे महिन्यातला पहिला रविवार. वैशाख नुकताच लागला होता. जागा : कोल्हापूर, मंगळवार पेठ, अक्काच्या घराची पुढची खोली.

हजर : अक्काचा थोरला मुलगा, पुण्यात कंपनीत नोकरीला. त्याची बायको. धाकटा मुलगा, इचलकरंजीला, स्वतःचे माग असलेला. अक्काचा भाऊ, म्हणजे या मुलांचा मामा, नेसरीहून पहिल्या एसटीनं आलेला. आणि मी, भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण.

गैरहजर : अक्का. ती मधल्या दारापलीकडं स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. बैठक तिच्याविषयी होती, तिच्याच घरात होती, आणि सगळ्यांना चहाही तिनंच करून दिला होता.

अक्काचे मालक जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर ती एकटी राहिली, कुणाची तक्रार नव्हती. वर्षाचं कार्य उरकलं आणि दोघा भावांना अचानक आठवण झाली की आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. घराची वाटणी आत्ता करायची नव्हती, भाव अजून वाढणार होता. भांडी मात्र आदल्या दिवशीच वाटून झाली होती. राहिली आई.

मला बोलावलं होतं कारण मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि तिथली सगळी वेळापत्रकं माझ्या हातून जातात. थोरला म्हणाला, "वहिनी, तुमचा हात बसलाय. आईचं एक व्यवस्थित टाइमटेबल करून द्या. उगाच पुढं वाद नकोत."

मला आधी वाटलं औषधांचं म्हणतोय. मग मामांनी घसा साफ करून सांगायला सुरुवात केली.

"दोन-दोन महिनं. वैशाख-जेठ धाकट्याकडं. आखाड-श्रावण थोरल्याकडं. भादवा-आश्विन परत धाकट्याकडं. असं फिरवत न्यायचं. दसरा ह्याच्याकडं, पाडवा त्याच्याकडं. सणबी वाटून जात्यात."

"बरोबर हाय मामा," धाकटा म्हणाला. "कुणावर लोड न्हाय."

"आणि हे घर?" मी विचारलं.

"बंद. एक कुलूप दादाचं, एक माझं. म्हंजे संशयाला जागा नको."

"आणि अक्काला इकडं यावंसं वाटलं तर?"

थोरला हसला. "वहिनी, आईला काय करायचंय इथं एकटीनं? सगळं हातात मिळणार आहे तिला."

त्यानं कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. मी ते परत त्याच्यापुढं सरकवलं.

"मी नाही लिहिणार."

"का?"

"मी मास्तरांचं आणि वर्गांचं टाइमटेबल करते. तुमच्या आईचं नाही."

थोरल्याची बायको पुढं सरकली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही शेजारी आहात. हा घरातला विषय आहे."

"मग घरातल्यांनीच लिहा."

कुणीच लिहिलं नाही. मामा म्हणाले, कागद कशाला, रक्ताच्या माणसांत शब्द पुरे. तोंडी ठरलं. चहाचे कप मी उचलून आत नेले, कारण नाहीतर तेही तिलाच उचलावे लागले असते.

आमची ओळख दहा वर्षांपूर्वीची, १९९३ ची. मी अठ्ठावीस वर्षांची होते, लग्न करून या गल्लीत आलेली. अक्का पासष्टीच्या उंबऱ्यावर. गल्लीत सगळ्यांना मिळून एकच नळ होता आणि त्यावर रोज भांडणं. मी आल्या-आल्या एका पुठ्ठ्यावर घरांप्रमाणे पाण्याच्या वेळा लिहून नळाशेजारी टांगल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पुठ्ठा जागेवर नाही. अक्का त्यावर पाय ठेवून, चिखलात पाय भरू नयेत म्हणून, आरामात घागर भरत होती.

"अहो आजी, तो पुठ्ठा माझा आहे."

"आजी कुणाला म्हणतीस ग? आणि पाण्याला टाइम लावतीस व्हय? तुझ्या शाळेत लाव घंटा. इथं जिची घागर पुढं तिचं पाणी."

"मग जिला उशिरा उठायला होतं तिनं काय करायचं?"

"लवकर उठायचं."

मी भांडले. चांगली भांडले. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तोंड हाय की तुला. बरं झालं. गल्लीत बोलायला कोण न्हाई. ये दुपारी."

गेले. तिनं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली आणि मी खाताना माझ्या सासूविषयी सगळं विचारून घेतलं. तिचं माहेर नेसरीकडचं, आई कानडी मुलखातली. तिला मी तंगी झाले, म्हणजे धाकटी बहीण. आणि मी तिला अक्का म्हणायचं. "आजी म्हटलंस तर दार लावून घीन," असं तिनं बजावलं होतं. आमच्यात छत्तीस वर्षांचं अंतर. लोक हसायचे. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस. दुपारी आम्ही मॅटिनीला जायचो. ती पडद्यावरच्या माणसांशी मोठ्यानं बोलायची. हिरॉईन रडायला लागली की, "अगं रडतीस काय, उठ, चपला घाल आणि चालायला लाग!" पुढच्या रांगेतले पुरुष वळून बघायचे आणि ती त्यांनाही सुनवायची, "पावणं, तिकडं बघा, पिक्चर तिकडं हाय." नंतर रंकाळ्यावर भेळ. परत येताना ती मला माझ्या ऑफिसातल्या भानगडी विचारायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्या माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवायची.

माझी मुलगी झाली आणि मी दुसरं मूल नको म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी घरात तीन दिवस चूल पेटू दिली नाही म्हणायला हरकत नाही. अक्का भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. चौथ्या दिवशी आली, सासूबाईंच्या समोर बसली आणि म्हणाली, "मला दोन ल्योक हायत. बघा काय उजेड पाडत्यात ते, आणि मग हिला बोला." सासूबाईंनी त्या दिवशी भात टाकला. माझ्या आईनंही माझ्यासाठी इतकं केलं नाही. आई म्हणाली होती, सासरचं सासरी मिटव.

म्हणून सांगते, त्या रविवारी मी कप घेऊन आत गेले तेव्हा मला अक्काचाच सगळ्यात जास्त राग आला होता.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"कान हायत मला."

"मग बाहेर येऊन बोलली का नाहीस?"

"मला कुणी इचारलं?"

"विचारायला कशाला पाहिजे? घर तुझं आहे."

तिनं लसणाची साल फुंकून टाकली. "माझ्याच पोरांपुढं मी हात पसरू? ती नेत्यात म्हणत्यात. कितीजणींची पोरं नेतबी न्हाईत."

"पिक्चर बघताना मोठी बोलतेस."

"पिक्चरमधली पोरं माझी न्हवंत, तंगी."

मी कप तसेच न विसळता ठेवले आणि घरी आले. दोन दिवसांनी धाकटा जीप घेऊन आला. ती गेली तेव्हा मी मुद्दाम बाहेर आले नाही. खिडकीतून बघितलं. दाराला आधी एक कुलूप लागलं, मग त्याच्या वरच्या कडीला दुसरं. दोन्ही नवी, पितळी. दोन किल्ल्या दोन गावांना गेल्या. जिचं घर तिच्या कनवटीला काहीच नाही.

गल्लीनं दोघा भावांचं कौतुक केलं. अजून करते. "काय गुणाची पोरं, आईला अगदी सारखं वाटून घेतलं." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते ऐकलं की माझ्या हातात जे असेल ते आपटतं. मला सांगायचंय ते हेच की दोघं भाऊ वाईट नव्हते. दारू नाही, मारहाण नाही. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. त्यांना अन्याय नको होता, म्हणून त्यांनी आईचे समान भाग केले आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शिव्या देऊन आईला हाकलणाऱ्याला चार लोक तरी नावं ठेवतात. यांना कोण काय बोलणार?

आषाढ लागायच्या आदल्या दिवशी पहिली बदली होती. धाकट्यानं तिला इचलकरंजीहून आणायचं, थोरल्यानं पुण्याहून यायचं, आणि कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर हवाली करायची, असं ठरलं होतं. स्टँडपासून तिचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. मी रागावलेली होते, तरी डबा घेऊन गेले. ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती, शेजारी कापडाचं बोचकं.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं रुसलीस."

"रुसलेच आहे. खा."

तिनं खाल्लं. धाकटा लांब उभा राहून सारखा घड्याळ बघत होता.

पुढं वर्षभर आमची मैत्री त्या बाकावर चालली. दर दोन महिन्यांनी तासभर, कधी त्याहून कमी. तारखा मी कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवायचे आणि ऑफिसातून अर्धी रजा टाकायचे. पुण्याला तिसरा मजला, लिफ्टची तिला भीती, त्यामुळं दोन महिने खाली उतरणं नाही. नातवाच्या खोलीत पथारी, तो अभ्यासाला बसला की हिनं हॉलमध्ये, हॉलमध्ये पाहुणे आले की गॅलरीत. इचलकरंजीत मागांचा खडखडाट. "त्यो बरा," ती म्हणायची. "रात्रंदिवस कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

एकदा मी बोचक्याची गाठ सैल करून त्यात खारे शेंगदाणे ठेवायला गेले. आत सगळं घडी न मोडलेलं होतं. गेल्या खेपेला मी दिलेलं लुगडं तसंच.

"हे काय, नेसली नाहीस?"

"बोचकं सोडतच न्हाई मी. वरच्या दोन लुगड्यांवर भागवते. दोन म्हैन्यांसाठी काय मांडायचं आणि काय आवरायचं?"

आठ गावांच्या सरकारी बदल्या झेललेला माणूससुद्धा कुठंतरी एक खिळा ठोकून शर्ट अडकवतो. हिच्यासाठी दोन घरांत मिळून एक खिळा नव्हता.

मी थोरल्याला एकदा फोन करून म्हटलं, बोलून दाखवलं पाहिजे म्हणून म्हटलं, की तिला वर्षातून एक महिना तरी आपल्या घरी राहू द्या, मी आहे शेजारी. तो म्हणाला, "तो महिना कुणाच्या वाट्यातून कापायचा, वहिनी? परत वाद होतील." त्या दिवशी माझ्या सगळ्या पोळ्या करपल्या.

मग २००४ साल आलं. पंचांग उघडून बघणाऱ्यांना आठवेल, त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. आधी अधिक, मग नेहमीचा. मामा आयुष्यभर पंचांगावर पेरण्या करत आलेले, पण बहिणीची वाटणी करताना तीन वर्षांनी एक जादा महिना उगवतो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. भावांच्या तर नाहीच. बारा महिने सहा जोड्यांत बसवले होते. तेरावा कुणालाच दिला नव्हता.

अधिक श्रावण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टमध्ये, मला शाळेत थोरल्याचा फोन आला. "आईला सकाळच्या गाडीत बसवून दिलंय. कंडक्टरला सांगितलंय. धाकटा येईल घ्यायला." स्वतः आला नव्हता. सवड नव्हती. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारसे आणि कपडे देतात, त्याचं सासुरवाडीचं जेवण राहिलं होतं ते आटपून तो दोन दिवस थकला होता, हे मला त्यानंच आपण होऊन सांगितलं.

मी स्टँडवर गेले. पाऊस होता. अक्का गाडीतून उतरून बाकावर बसलेली, लुगड्याचा काठ ओला. तिची गाडी येऊन बराच वेळ झाला होता. धाकटा नव्हता. आम्ही वाट बघितली. डबा संपला. दोन इचलकरंजीच्या गाड्या लागल्या आणि गेल्या. मी शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले आणि काचेचं दार अक्काला दिसेल असं उघडं ठेवून फोन लावला.

"अहो, अक्का स्टँडवर आहे कधीची."

"मला म्हाइत हाय वहिनी," धाकटा म्हणाला. मागं मागांचा आवाज होता. "पण आता श्रावण चालू झालाय. श्रावण दादाचा हाय. ठरलंय तसं."

"त्यांनी आषाढ आणि अधिक श्रावण असे दोन महिने केले म्हणतात."

"अधिक त्यांच्यात धरायचा न्हाई. त्यो कुणाचाच न्हाई. मी भादव्याच्या पैल्या दिवशी येतो की. एक दिवस इकडं-तिकडं करणार न्हाई."

"आणि तोपर्यंत?"

"ते दादाला इचारा."

दादाला विचारलं. दादा म्हणाला, "मी दोन महिने ठेवलंय. साठ दिवस. पंचांगाचं मला सांगू नका, मी हिशेबानं चालतो. मामांना विचारा." मामांकडं फोन नव्हता. नेसरीच्या दुकानात निरोप ठेवायचा आणि त्यांनी संध्याकाळी उलट फोन करायचा, अशी सोय.

मी दुकानात निरोप सांगून फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, "बाई, जरा दमानं. रिसीव्हर तुटंल."

परत बाकाशी आले. अक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"ह्या म्हैन्यात मी कुणाचीच न्हाई, व्हय?" ती म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं पायातल्या चपला काढून त्यातलं पाणी झटकलं, परत घातल्या, बोचकं काखेत मारलं आणि उभी राहिली.

"रिक्षा बघ."

"माझ्याकडं चल."

"तुझ्याकडं कशाला? माझं घर न्हाई व्हय?"

"दोन कुलपं आहेत, अक्का."

"लोखंड तोडायचं काय असतंय की तुझ्या नवऱ्याकडं."

माझा नवरा उद्यमनगरात लेथवर काम करतो. मी परत बूथमध्ये गेले आणि त्याच्या शॉपवर फोन केला. तो कमी बोलणारा माणूस. बैठकीच्या दिवशी मला म्हणाला होता, दुसऱ्याच्या घरात पडू नकोस. आता त्याला सगळं सांगितलं. पलीकडं त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "कुलपं पितळी आहेत ना? पण कडी लोखंडी असते. करवतीचं पान घेऊन येतो, नवं."

आम्ही पोचलो तेव्हा तो दारात करवत घेऊन उभा होता. गल्ली आधीच जमलेली. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, पोरं पोलिसांत जातील."

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "मीबी येते. पोलिसांना सांगते, माझ्या घरात मी घुसले म्हणून."

पहिलं कुलूप धाकट्याचं होतं, ते लवकर तुटलं. थोरल्याचं भारी, पुण्याचं. त्याला वेळ लागला. नवरा घामाघूम झाला. अक्का पायरीवर बसून सांगत होती, "जरा तिरकं धर. दम लागला तर पाणी पी. अजून दात हायत का पानाला?" कुणीतरी हसलं आणि मग सगळी गल्ली हसायला लागली, ज्या गल्लीनं वर्षभर त्या दोघांचं कौतुक केलं होतं तीच. मला मात्र हसू आलं नाही. मी दारावर हात ठेवून उभी होते.

आत काही नव्हतं. शेगडी धाकट्यानं नेलेली, कपाट थोरल्यानं. दिव्याचे बल्बसुद्धा काढलेले. भिंतीला वर्षभराची ओल. मी पदर खोचला आणि तिथंच यादी सांगायला सुरुवात केली, नवऱ्यानं पळायचं : बल्ब दोन, वातीचा स्टो, रॉकेल, घागर, चटई, माझ्याकडची जाड वाकळ, झाडू, फिनेल, ज्वारीचं पीठ, तेल, मीठ. अक्का म्हणाली, "आणि चहापत्ती. पैली ती."

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुटपुटत महिने परत मोजले. मग म्हणाले, "चुकलंच म्हणायचं. अधिक म्हैना एकदा ह्याला, एकदा त्याला, असं ठरवायला पायजे होतं."

मी फोन आपटला. त्यांना तेवढंच चुकलेलं दिसलं.

पुढच्या रविवारी दोघं भाऊ आले. वर्षभरात पहिल्यांदाच एकत्र, एकाच गाडीतून. थोरला दारातूनच म्हणाला, "वहिनी, आमच्या घराचं कुलूप तोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का उंबऱ्यावर आली.

"मी. मी सांगितलं तोडायला. बस खाली. चपला काढ."

"आई, लोक काय म्हणतील? दोन-दोन मुलं असताना..."

"लोक स्टँडवर न्हवतं. मी हुते. बोल पुढं."

धाकटा म्हणाला, "मी भादव्यात येणारच हुतो की ग आई."

"ये की. भादव्यात ये, दिवाळीला ये, पोराबाळांना घेऊन ये. भाकरी घालीन. पण मला न्यायला यायचं न्हाई. माझी पाळी लावायची न्हाई. मी काय गल्लीतला नळ न्हाई."

थोरला माझ्याकडं वळला. "तुम्ही शिकवलंय हे."

"ही काय शिकवतीय मला?" अक्का म्हणाली. "ही माझ्यापरास छत्तीस वर्षांनी ल्हान हाय. मी हिला शिकवलंय भांडायला."

ते दुपारपर्यंत बसले. जेवले. जाताना थोरल्यानं आईच्या पाया पडून डोळे पुसले, आणि ते डोळे खरे होते, हे मी कबूल करते. म्हणूनच तो मला जड गेला. खोटं रडणाऱ्याला काहीतरी म्हणता येतं.

ती पुढं तीन वर्षं त्या घरात राहिली. मुलं सणाला यायची, पैसे पाठवायची, रीतसर. दाराला आतून जाड कडी बसवली होती, ती संध्याकाळी स्वतः लावायची आणि पलीकडून भिंतीवर मूठ आपटायची, म्हणजे लावली. मी इकडून आपटायचे. शनिवारी मॅटिनी परत सुरू झाली. तिला ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलायची.

तिसऱ्या वर्षी एक दिवस ती म्हणाली, "तंगी, दाराला पाटी पायजे."

तिथं तिच्या मालकांच्या नावाची जुनी पाटी होती. ती थोरल्यानं कपाटाबरोबर नेली होती.

"कुणाचं नाव घालायचं?"

"माझं. फकस्त माझं. नवऱ्याचं नको, पोरांचं नको, आडनावबी नको. आयुष्यभर कुणाच्यातरी दारात ऱ्हायले."

पेंटरला ते पटेना. तो दोनदा मला विचारून गेला, "बाई, पुढं काहीतरी पायजे की. नुसतं नाव कसं दिसंल?" मी म्हटलं, "जसं दिसेल तसं रंगव." पिवळ्यावर काळी अक्षरं, ठळक. पाटी झाली, पण पावसाळा तोंडावर होता. भिंत ओली, खिळा धरत नव्हता. भिंत सुकली की ठोकू, असं आम्ही ठरवलं.

त्या पावसाळ्यात एका सकाळी भिंतीवर मूठ आपटली नाही. नेहमी उठल्यावरही ती एकदा आपटायची. मी हाक मारली, मग नवऱ्याला उठवलं, आणि त्याच करवतीनं आतली कडी कापावी लागली. ती वाकळीवर कुशीला झोपली होती. दवाखान्यातल्या माणसानं कागद भरताना विचारलं, "तुमचं नातं?" मी म्हटलं, "बहीण." त्यानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, नीट सांगा." मी नीटच सांगितलं होतं.

नेसरीला मामांच्या शेतात, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून माती दिली. दोघं भाऊ ढसाढसा रडले. लोक म्हणाले, पोरांनी केलं हो आईचं. मी कुणाशी भांडले नाही, तिच्या समोर नको म्हणून.

दहाव्या दिवसाआधी दाराला परत दोन कुलपं लागली. पुढं घर विकलं गेलं, भाव चांगला आला, दोघांना सारखा. आता तिथं चार मजल्यांची इमारत आहे. खाली मोबाईलचं दुकान, वर भाड्यानं राहणारी माणसं, ती दर अकरा महिन्यांनी बदलतात. त्या भिंतीची एक वीटही उरलेली नाही.

पाटी माझ्याकडं आहे, कपाटामागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दर दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत मी ती लिहिते, आणि दर दिवाळीला ओळ तशीच राहते. माझ्या दाराला लावू म्हटलं तर नवरा म्हणाला, लाव. मुलगीही म्हणाली, लाव. पण तिला माझं दार नको होतं, तिला तिचं हवं होतं. मग त्या इमारतीच्या खालच्या भिंतीला लावायची, मोबाईलवाल्याला विचारून किंवा न विचारता, एवढं मी ठरवलंय. काँक्रीटला साधा खिळा चालत नाही, ड्रिल लागतं. नवऱ्यानं ते आणून ठेवलंय. पाटी लावायची राहिलीय.